उणे ऐंशी

रविवारी ओमायरा यांदार न कळवता पास्तोहून भावाकडे तुकेरेसला आली, तेव्हा सेगुंदो कुईंच्या खोपटात गवत टाकत होता. इकडे गिनीपिगला कुई म्हणतात आणि घरोघरी पाळतात, खाण्यासाठी. सेगुंदोकडे सव्वाशे होत्या. बहिणीला पाहून त्याने गवताची पाटी खाली ठेवली, हाताला आला तो जाडजूड नर उचलला आणि बोलता बोलता अंगठ्याने त्याची मान मोडली. कुईला ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

"फोन केला असतास तर कालपासून उपाशी ठेवली असती," तो म्हणाला. "आता आतडी साफ करत बस. डॉक्टरीण आहेस ना?"

"मी डॉक्टर नाहीये, दादा. किती वेळा सांगू?"

"डॉक्टरपेक्षा जास्त बोलतेस. म्हणजे झालीसच की."

तिने त्याच्या कंबरेकडे पाहिलं. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती. पंधरा दिवसांपूर्वी एकच होतं.

आमच्या या डोंगराळ पट्ट्यात पोटाचा कॅन्सर कुणाला नवा नाही. वर राहणाऱ्यांना तो होतो, आणि खाली समुद्राकाठी राहणाऱ्यांच्या पोटात तेच जंतू असूनही त्यांना फारसा होत नाही. का, यावर मोठमोठे लोक कितीतरी वर्षं भांडतायत. ओमायरा पास्तोच्या एका प्रयोगशाळेत याच कामावर होती. दर महिन्याला ती डोंगरातल्या गावांतून रक्ताचे आणि जठराच्या तुकड्यांचे नमुने गोळा करायची आणि त्यांतला मायक्रोआरएनए मोजायची. ते काय असतं हे नव्या मुलींना समजावताना ती सांगायची, की पेशीच्या आत फिरणारी ती बावीस अक्षरांची चिठ्ठी आहे, आणि ज्या जनुकाला ती पोचते त्याचं तोंड बंद होतं. एकवीस क्रमांकाची चिठ्ठी वाढली की पेशीतले पहारेकरी गप्प बसतात आणि गाठ मोकाट सुटते. निरोगी माणसाच्या रक्तात तिचं प्रमाण एक धरायचं. त्यांच्या पाहणीत ज्यांचा आकडा आठच्या वर गेला होता, त्यांच्यापैकी कुणीही त्यानंतरचा दुसरा, दर जानेवारीत भरणारा कार्निव्हल पाहिला नव्हता.

सेगुंदोचा आकडा ९.४२ आला होता. हे फोनवर सांगणं तिला जमलं नाही, म्हणून ती बस पकडून आली होती.

जेवताना त्यानेच विषय काढला. "किती आले मार्क?"

"नऊ."

"दहापैकी? मग पास झालो." तो हसला आणि भाजलेल्या कुईची तंगडी तिच्या ताटात टाकली. स्वतः त्याने दोन उकडलेले बटाटे कुस्करून तसेच ठेवले होते.

आई याच रोगाने गेली तेव्हा ओमायरा अकरा वर्षांची होती आणि सेगुंदो एकोणीसचा. त्याने बटाट्याचा ट्रक चालवून तिला वाढवलं आणि शिकवलं. तिच्या पदवीच्या दिवशी तो ट्रकमधला चिखल अंगावर घेऊनच आला होता आणि सगळ्यांत पुढे बसला होता. औषधाच्या तीन सलाइन दिल्यावर गाठ आकसली तर शस्त्रक्रिया करू, नाहीतर हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ओमायराला जगात दुसरं काही नको होतं. तो शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचायला हवा होता.

जेवण झाल्यावर तिची वहिनी रोसाल्बा बाहेर गेली आणि क्लेमेन्सिया कुआइकालला घेऊन आली. सत्तरीची बाई, डोक्यावर फेल्टची टोपी, अंगावर रुआना, म्हणजे लोकरीची जाड घोंगडी, आणि हात मात्र एखाद्या मुलीसारखे मऊ. अंगावरून जिवंत कुई फिरवून आजार ओळखणारी आणि उतरवणारी म्हणून तिला पंचक्रोशीत बोलावणं असायचं.

"वहिनी, हे काय नवीन काढलंस?" ओमायरा म्हणाली.

"नवीन नाही ताई, जुनंच आहे. तुमचं सगळं चालू राहू द्या. सलाइनही चालू, हेही चालू. माझ्या नवऱ्याचं पोट आहे, दोन्हीकडून बघितलं तर बिघडलं कुठे?"

"आजी," ओमायरा म्हाताऱ्या बाईकडे वळली, "कुईच्या पोटात बघून तुम्हाला काय दिसतं हो?"

"तुला त्या मशीनमध्ये काय दिसतं?"

"आकडा."

"मग आकडा दिसल्यावर तू काय करतेस?"

सेगुंदो त्यावर इतका हसला की त्याला पोट धरून खाली बसावं लागलं.

आजीने खोपटातून काळाभोर नर निवडला. पुरुषाला नर लागतो. सेगुंदो शर्ट काढून स्टुलावर बसला. तिने कुईचे चारही पाय मुठीत धरले आणि डोक्यापासून सुरुवात करून मान, खांदे, छाती अशी ती त्याच्या अंगावरून घासत आणली. कुई कुरकुरत होती, पाय झाडत होती. बेंबीच्या वर चार बोटांवर आल्यावर ती ताठ झाली. मग किंचाळली. इतक्या लहान प्राण्यातून एवढा आवाज निघेल असं कुणाला वाटलं नसतं. तिच्या नाकातून रक्ताची एक धार सेगुंदोच्या पोटावर उडाली आणि तिची मान लोंबली.

आजीने शांतपणे तिला पाण्याच्या परातीत ठेवून नखाने आणि चाकूने उघडली. ओमायरा वाकून पाहत होती, थट्टा तोंडावर तयार ठेवून. कुईचं जठर लहान लिंबाएवढं असतं, नितळ आणि गुलाबी. हिच्या जठराच्या खालच्या वळणावर पांढरट, कडक, कडा उचललेला व्रण होता. दुर्बिणीतून काढलेला भावाच्या जठराचा फोटो ओमायराच्या पिशवीत होता. तिने तो बाहेर काढला नाही. काढायची गरजच नव्हती.

अशी कुई खात नाहीत, कुत्र्यालाही घालत नाहीत. घरापासून लांब, ओढ्यापलीकडच्या ओल्या मातीत पुरतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, ओमायरालाही होतं. पण आजी फडकं शोधायला वळली तेवढ्यात तिने पिशवीतून चिमटा आणि नमुन्याची नळी काढली आणि व्रणाच्या कडेचा मसुरीएवढा तुकडा नळीत टाकला. कुणाच्या लक्षात आलं नाही. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती, की हा एखादा जुनाट जंतुसंसर्ग आहे आणि आपला भाऊ आणि ही कुई यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मंगळवारी सकाळी तिने त्या तुकड्याचा एक कोपरा कापला, नळीत घातला आणि काचेच्या दांडीने चेचला. चिवट होता. दहा-बारा मिनिटं दाबून, फिरवून, पुन्हा दाबून त्याचा लगदा केला. उरलेला तुकडा तिने उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवला. त्यात ठेवलेलं काही कुजत नाही, सुकत नाही, बदलत नाही. दहा वर्षांनी काढलं तरी ठेवलं तसंच मिळतं.

दुपारी आकडा आला. ९.४२.

तिने मशीन पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. एकवीस नंबरची चिठ्ठी माणसात आणि कुईत सारखीच असते, अक्षरं तीच, त्यामुळे ती सापडणं यात काहीच नवल नव्हतं. हे तिने स्वतःला दोनदा सांगितलं. पण प्रमाण कसं जुळेल, आणि तेही दुसऱ्या दशांशापर्यंत? तिने वहीत काही लिहिलं नाही.

संध्याकाळी रोसाल्बाचा फोन आला. "आज सकाळी फार हाल झाले हो ताई. कुणीतरी उखळात घालून कुटतंय म्हणत होते. जमिनीवर लोळले, ओठ चावून फोडला. पाव एक तास चाललं असेल, मग आपोआप थांबलं."

"सलाइनचं असेल, वहिनी. कधीकधी होतं तसं."

"आता बरे आहेत. बटाटे मागून खाल्ले, तीन. नुसतं थंडी वाजते म्हणतायत. पोटाच्या आत."

तुकेरेसला कुणाला थंडी वाजत नाही? ओमायराने त्याला दुसरी रुआना घालायला सांगितली आणि विषय सोडला.

पुढच्या आठवड्यात सेगुंदोच्या रक्ताचा आकडा ६.१० आला.

ओमायरा स्वच्छतागृहात जाऊन दार लावून रडली. सलाइनमुळे उतरला, असं तिने ठरवलं. पण रोसाल्बा पुन्हा आजीला बोलावणार म्हणाली तेव्हा तिने नको म्हटलं नाही. उलट रजा टाकून स्वतः हजर राहिली, आणि पिशवीत नळी घेऊन गेली. आता तिला खरं-खोटं करायचं नव्हतं. आता तिला आकडा हवा होता.

दुसरी कुई किंचाळली नाही. आजीने हात सैल धरला होता, तरी सेगुंदोच्या पोटावर येताच तिच्या बरगड्या एकेक करून मोडल्याचा आवाज खोलीत सगळ्यांनी ऐकला. तिसऱ्या खेपेची कुई तर उघडावीच लागली नाही. घासता घासता तिचं पोट आपणच फाटलं आणि आतलं सगळं सेगुंदोच्या मांडीवर आलं. तो ताडकन उठला आणि परसात जाऊन ओकला. आजीचा चेहरा त्या दिवशी उतरला होता. ओमायराने दोन्ही वेळा तुकडा घेतला, चेचला, मोजला, उरलेला फ्रीझरमध्ये ठेवला. आणि दोन्ही वेळा, ती चेचत होती त्या सकाळी, सेगुंदो घरात जमिनीवर लोळला. रोसाल्बाने सांगितलं, ओमायराने सलाइनला दोष दिला.

सेगुंदोचा आकडा ३.८७ झाला. मग २.०५.

गाठ निम्म्याने आकसली होती. डॉक्टरांनी बारा डिसेंबरची तारीख दिली. त्या रविवारी तिघांनी घरात एर्विदो केला, फळांचा गरम रस आणि त्यात बऱ्यापैकी दारू. सेगुंदोला दारू मना होती, त्याने नुसता वास घेतला.

"आपल्याकडच्या माणसांवर सगळा देश विनोद करतो," तो म्हणाला, "की ह्यांना मरायलासुद्धा पत्ता विचारावा लागतो. बघ, मला रस्ताच सापडला नाही. परत आलो."

"मूर्ख आहेस तू दादा," ओमायरा म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्याच्या अंगावर तीन रुआना होत्या. चुलीशेजारी बसूनही त्याचे हात गार होते, पण ते इतक्या दिवसांत तिच्या अंगवळणी पडलं होतं.

सोमवारी पहाटे सेगुंदो गवत टाकायला गेला आणि पाटी घेऊन तसाच उभा राहिला. एका कप्प्यातले अकरा नर मरून पडले होते. उंदीर घुसला तर गळा धरतो, रानमांजर घुसलं तर डोकं. यांच्या माना-डोकी शाबूत होती. प्रत्येकाचं पोट बेंबीच्या वर एकाच जागी उघडलेलं होतं, आणि कातडीच्या कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या होत्या. बाकीच्या कुई एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसल्या होत्या आणि एकही आवाज करत नव्हती. त्याने फावड्याने अकराही गोळा केल्या. बायकोला सांगताना तो काही दडवून ठेवतोय असं रोसाल्बाला वाटलं. नंतर कळलं, की त्याने सगळ्यांची पोटं बोटाने चाचपून पाहिली होती. आत जठरं नव्हती.

त्या आठवड्यात आकडा ७.३० झाला. त्याच्या पुढच्या गुरुवारी १४.८०.

एवढा मोठा आकडा त्या मशीनवर आजवर कुणाचाच आला नव्हता. सेगुंदो रक्त ओकला, पाटीभर. डॉक्टरांनी तारीख रद्द केली नाही, पण फोनवर त्यांचा आवाज बदलला. रोसाल्बाने आजीला आणलं.

चौथी कुई सेगुंदोच्या अंगावरून डोक्यापासून पायापर्यंत फिरली, पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत फिरली, आणि काहीच झालं नाही. आजीने तिला जमिनीवर सोडल्यावर तिने अंग झटकलं आणि रोसाल्बाच्या चपलेशेजारी पडलेली गवताची काडी खाऊ लागली. सेगुंदो तोंडावर हात घेऊन आडवा झाला.

ओमायरा आजीला दारापर्यंत सोडायला गेली.

"ते निघायला तयार आहे," आजी म्हणाली. "पण कुणीतरी धरून ठेवलंय. अर्धं इकडे, अर्धं तिकडे." तिने ओमायराकडे पाहिलं. रागाने नाही. "काही ठेवलं असशील तर ठेवू नकोस, पोरी."

"ठेवलं तर काय होतं?"

"ठेवलेलं संपत नाही."

ओमायराचे कान तापले. शाळेत चोरी पकडल्यावर तापायचे तसे. तिने मान डोलावली, आणि आजी काठी टेकत उतार उतरून गेली.

कसं टाकायचं ते आजीने सांगितलं नाही. तिच्या दृष्टीने ते सांगण्यासारखं नव्हतंच. मेलेलं मातीत देतात, ओल्या मातीत, आणि हळूहळू माती होऊ देतात. दुसरी काही रीत असते हे तिच्या स्वप्नातही आलं नसेल. ओमायराच्या कामातही अशा गोष्टी टाकायची एकच रीत होती, आणि ती रीत तिच्या हातात एकवीस वर्षांची मुरलेली होती. आजारी मांस प्रयोगशाळेबाहेर न्यायचं नाही. लाल पिशवीत बांधायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं. दवाखान्यांतला हा एक मोठा प्रेशर कुकर असतो. एकशे एकवीस अंशांवर वीस मिनिटं ठेवलं, की आत जिवंत असं काही म्हणून उरत नाही.

शुक्रवारी सकाळी ती पास्तोला पोचली ती थेट फ्रीझरकडे. तिन्ही नळ्या काढल्या. प्रत्येकीवर तिच्याच अक्षरात तारीख होती. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि त्याच वेळी घाईही झाली होती, कारण इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच भावासाठी करण्यासारखं काहीतरी तिच्या हातात होतं. तिने नळ्या लाल पिशवीत घातल्या, पिशवीला दोन गाठी मारल्या, ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली आणि दार ओढून घेतलं. कुलूप खटकन बसलं. या यंत्राचं दार एकदा बसलं की आतली उष्णता उतरेपर्यंत उघडत नाही. कुणाचे हात भाजू नयेत म्हणून केलेली ती सोय आहे.

अकरा वाजून पाच मिनिटांनी तिने बटण दाबलं आणि समोर स्टूल ओढून बसली. पडद्यावर आकडा चढू लागला. बावीस. सव्वीस. तीस.

सदतीसवर फोन वाजला. रोसाल्बा होती, आणि हसत होती.

"ताई, ह्यांची थंडी गेली. आत्ताच. रुआना काढून फेकल्या तिन्ही. घ्या, बोला."

"डॉक्टरीणबाई," सेगुंदोचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी त्यात जोर होता. "काय केलंस काय माहीत नाही, पण छान वाटतंय. पोटात कुणीतरी शेगडी ठेवल्यासारखं. ऊब आहे गं."

ओमायराच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच दादा?"

"अगदी आत, हाडापर्यंत. दोन महिने बर्फात पुरलं होतं बघ मला."

"भूक लागली का?"

"लागेल. थांब, आधी खिडकी उघडतो. जरा जास्तच होतंय."

पडद्यावर बावन्न होतं.

तिने त्याचे पाय वाजताना ऐकले, खिडकीची कडी ऐकली. मग तो परत आला. "पाणी दे गं," तो बायकोला म्हणाला, आणि घोट घेतल्याचा आवाज आला, आणि लगेच ग्लास जमिनीवर पडून फुटला.

"काय झालं?"

"पाणी तापलं," तो म्हणाला. "तोंडात. तोंडात तापलं."

एकाहत्तर.

ओमायरा आकड्याकडे बघत होती. आकडे बघण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. तरी तिला वेळ लागला.

"दादा, किती तापलंय तुझं अंग? वहिनीला हात लावून बघायला सांग."

"हात लावू देत नाहीत हो," रोसाल्बाचा आवाज आला, आणि तो आता हसत नव्हता. "माझी बोटं पोळली. ताई, ह्यांच्या कातडीवर फोड येतायत. माझ्या देखत येतायत."

ब्याऐंशी. त्र्याऐंशी.

तिने थांबवायचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, थंड होत आहे. आकडा चढतच राहिला. आतलं पाणी तापलेलं होतं, लोखंड तापलेलं होतं, ते बटणाने थांबणार नव्हतं. सत्त्याऐंशी.

तिने भिंतीतून वायर उपटली. पडदा काळा झाला. कुलूप तसंच राहिलं.

फोनमध्ये सेगुंदो ओरडत होता. माणूस ओरडतो तसं ते नव्हतं. रोसाल्बा मध्येच पाणी, पाणी म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी पाणी ओतल्याचा आवाज यायचा आणि त्यापाठोपाठ चर्र असा दुसरा.

ओमायराने लोखंडी स्टूल उचलून दारावर घातलं. कुलपावर घातलं. तिसऱ्या घावाला स्टुलाचा पाय वाकला आणि तिच्या हाताची दोन बोटं त्यात सापडून चेचली गेली. तिने बर्फाच्या यंत्रातून घमेलंभर बर्फ आणून ऑटोक्लेव्हवर ओतला. तो सरकून जमिनीवर पडला. वाफेची चावी फिरवली, तोंडावर वाफ आली, एक भुवई भाजली. दार हललं नाही.

"दादा," ती फोनमध्ये म्हणत होती. "दादा, मी उघडते. थांब. मी उघडतेय."

"ताई, वाफ येतेय," रोसाल्बा म्हणाली. "तोंडातून."

मग कुणी ओरडलं नाही.

फोन चालूच होता. तिकडे खिडकी वाऱ्याने आपटत होती. रोसाल्बा खूप वेळाने काहीतरी पुटपुटली, बहुधा प्रार्थना. ओमायरा जमिनीवर बर्फात बसून ती ऐकत राहिली.

बाहेरून सहकारी आले, त्यांनी दार ठोठावलं. तिने उघडलं नाही. अर्ध्या तासाने तिने वायर पुन्हा भिंतीत लावली, कारण विजेशिवाय कुलूप सुटत नाही. पडदा उजळला. छप्पन्न. कुलूप आपणहून खटकन निघालं.

आतून गरम हवेचा लोट आला. लाल पिशवी वितळून तळाला चिकटली होती. तिने चेचलेल्या बोटांनीच ती सोडवली. भांडं अजून हात लावू देत नव्हतं, जाळीवर पाण्याचे थेंब थरथरत होते.

तिन्ही नळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या. उष्णता त्यांना शिवलीही नव्हती, त्यांच्यावर बोटभर हिम साचलं होतं. तिने त्यातली एक उचलली, आणि ती इतकी गार होती, की अंगठ्याची कातडी तिला चिकटून सोलली गेली.